शिकवायचं इंग्रजी, लिहायचं मराठी, बघायचा सिनेमा

माझी ओळख करून देताना निवेदक मंडळी नेहमी अडचणीत येतात. इंग्रजीचे प्राध्यापक, इथवर ठीक असतं. मराठीत कादंबऱ्या लिहितात म्हटलं की पालक जरा सावरून बसतात. आणि वर्गात सिनेमा शिकवतात म्हटलं की मागच्या रांगेत हमखास कुजबुज होते. सिनेमा काय शिकवायचा असतो? तो तर पोरं चोरून बघतात! म्हणून म्हटलं, आज पदव्या वाटण्याआधी या तीन धंद्यांचा एकमेकांशी संबंध काय, ते तुमच्यापुढे मांडावं. कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पुढे असंच जगायचं आहे: पोटासाठी एक काम, जिवासाठी दुसरं.

हा प्रकार माझ्यापासून सुरू झालेला नाही. मराठी साहित्यात इंग्रजीच्या मास्तरांची मोठी फौज आहे. भालचंद्र नेमाड्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि 1963 साली आलेल्या 'कोसला'ने मराठी कादंबरीची भाषाच हलवली. विलास सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख होते आणि कथा-कादंबऱ्या दोन्ही भाषांत लिहीत. दिलीप चित्रे ऐन तारुण्यात इथिओपियाला जाऊन इंग्रजी शिकवून आले. त्यांनी कविता तर लिहिल्याच, शिवाय 'गोदाम' नावाचा हिंदी चित्रपटही दिग्दर्शित केला. पण आपल्या विदर्भात या गोष्टीचा सर्वांत उत्तम दाखला महेश एलकुंचवारांचा आहे. त्यांनी कादंबरी लिहिली नाही, नाटकं लिहिली. तरीही तेच उदाहरण घेतो, कारण ते घरचं आहे.

एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे. नागपूरला शिकले आणि तिथेच महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागले. 1965 च्या सुमाराची गोष्ट सांगतात. सिनेमा बघायला गेले होते, तिकीट मिळालं नाही. वेळ काढायचा म्हणून जवळच लागलेल्या नाटकाला जाऊन बसले. नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो, मी हरलो' आणि दिग्दर्शन विजया मेहतांचं. त्या रात्री त्यांनी ठरवलं की आपण हेच करायचं. 1967 साली त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात छापून आली आणि ती विजया मेहतांच्याच नजरेस पडली. पुढे 1984 मध्ये गोविंद निहलानींनी त्यांच्या 'पार्टी' या नाटकावर आणि त्याच सुमारास केतन मेहतांनी 'होळी'वर चित्रपट केला. मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथा शिकवायला त्यांनाच बोलावलं गेलं. ज्याला सिनेमाचं तिकीट मिळालं नव्हतं तो सिनेमावाल्यांचा मास्तर झाला!

'होळी' तुमच्यापैकी कुणी पाहिला नसेल तर बघा. महाविद्यालय, वसतिगृह, सणाची नाकारलेली सुट्टी, पोरांचा संताप, आणि त्या संतापाला तोंड फुटतं ते आपल्यातल्याच एका दुबळ्या पोरावर. केतन मेहतांनी लांबच लांब अखंड दृश्यं घेतली आहेत, कॅमेरा पोरांच्या मागे नुसता धावतो. पण मूळ नाटक एलकुंचवारांचं, आणि वर्गासमोर रोज उभा राहणाराच असं लिहू शकतो. नोकरीने लेखकाला ही सामग्री फुकट दिली. म्हणून जे म्हणतात की नोकरी माणसातल्या कलावंताला मारते, त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. ज्याला नोकरी मारते त्याला बेकारीनेही मारलंच असतं.

आता सिनेमा शिकवतात म्हणजे काय करतात, ते सांगतो. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. ते विद्यार्थ्यांना कविता द्यायचे, पण कवीचं नाव काढून टाकायचे. शेक्सपिअर आहे म्हणून वा वा करायची सोय नाही आणि अनोळखी आहे म्हणून नाक मुरडायची सोय नाही. जे कागदावर आहे तेवढंच वाचा आणि काय दिसलं ते लिहा. भल्याभल्यांची त्रेधा उडाली. 1929 साली त्यांनी या प्रयोगावर पुस्तक काढलं आणि जगभरच्या इंग्रजी विभागांत वाचायची रीत बदलली. आम्ही हीच युक्ती पडद्यावर वापरतो. दिग्दर्शक कोण, नट कोण, किती कोटी कमावले, हे बाजूला. समोर काय आहे ते सांगा.

मी वर्गात 'कुंकू' लावतो. 1937 साल, प्रभात कंपनी, दिग्दर्शक व्ही. शांताराम. मूळ कादंबरी नारायण हरी आपट्यांची 'न पटणारी गोष्ट', आणि पटकथाही त्यांचीच. म्हणजे कादंबरीकारच सिनेमाच्या खोलीत येऊन बसला होता. नीरा नावाच्या पोरक्या मुलीचं लग्न म्हाताऱ्या विधुर वकिलाशी फसवून लावून देतात आणि ती ते लग्न मान्यच करत नाही. शांता आपटे नीरा झाल्या आहेत, केशवराव दाते काकासाहेब. काकासाहेबांच्या मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलंय. या बाई केंब्रिजला गणित शिकून आलेल्या होत्या आणि दिग्दर्शिका सई परांजप्यांच्या आई.

पहिल्यांदा मी मुलांना डोळे मिटायला लावतो आणि फक्त ऐकायला सांगतो. थोड्या वेळाने कुणीतरी विचारतं, "सर, म्युझिक बंद पडलं का?" बंद नाही पडलं, ठेवलेलंच नाही. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीताला रजा दिली. जे आवाज घरात होतात तेच, आणि त्यात भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक. आता डोळे उघडा. ते घड्याळ पुन्हापुन्हा दिसतं. म्हातारा आणि घड्याळ यांचं काहीतरी नातं आहे, हे सांगायला एक शब्द खर्च होत नाही. कादंबरीत हे लिहायचं झालं तर लेखकाला तिथे थांबून सांगावं लागेल, आणि सांगितलं की मजा गेली. हल्लीच्या मालिकांत सासूने भुवई उचलली तरी तीनदा ढोल वाजतो, त्यावर वाढलेल्या पोरांना ती शांतता सुरुवातीला सोसत नाही. मग तीच पोरं सगळ्यात बारकाईने बोलू लागतात.

त्याच चित्रपटात शांता आपटे एक इंग्रजी गाणं गातात. लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ', 1838 ची कविता. वर्गात एकदम खसखस पिकते. एकदा लाखनीकडच्या एका पोरीने उभं राहून विचारलं, "सर, मराठी सिनेमात थे बाई इंग्रजीत कायले गाते जी?" मी उत्तर दिलं नाही. तास संपेपर्यंत पोरांची जुंपली. एकजण म्हणाला, शिकलेली आहे हे दाखवायला. दुसरी म्हणाली, घरातल्या कुणाला कळू नये म्हणून. तिसरा म्हणाला, शिव्या द्यायच्या तर मराठी, पण धीर द्यायचा तर परकी भाषा बरी पडते, ती आपल्याला अजून लागलेली नसते. मी इतकी वर्षं ती कविता शिकवतोय, हे मला सुचलं नव्हतं. आणि गंमत बघा, लाँगफेलो स्वतः हार्वर्डला भाषांचे प्राध्यापक होते आणि त्यांनीही दोन कादंबऱ्या लिहिल्या. मास्तरकी आणि कादंबरी हे जोडकाम किती जुनं आहे!

ज्या प्रभात स्टुडिओत 'कुंकू' तयार झाला, तीच जागा सरकारने घेऊन 1960 साली तिथे फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. तिथे चित्रपटाचं रसग्रहण शिकवायला सतीश बहादूर आले. त्याआधी ते आग्र्याला अर्थशास्त्र शिकवत आणि फिल्म सोसायटी चालवत. सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली' ते दृश्यादृश्याने उलगडत. म्हणजे सिनेमा शिकवणारा हा असा दुसऱ्याच खोलीतून आलेला माणूस असतो, आणि मला वाटतं तेच त्याचं बळ आहे. इंग्रजीच्या मास्तराचंही तेच. दरवर्षी तीच कादंबरी, तेच नाटक, नवी पोरं. दहाव्यांदा वाचताना गोष्ट काय आहे हे बघणं संपतं आणि गोष्ट कशी बांधली आहे ते दिसू लागतं. ही नजर परक्या भाषेच्या पुस्तकावर तयार होते, पण ती घरी घेऊन जाता येते.

एलकुंचवारांनी ती घरी नेली. 'वाडा चिरेबंदी'त धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यासमोर एक बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. कधी काळी शेती नव्याने करायची म्हणून घेतलेला. नाटकभर त्याने काही केलेलं नाही, तो फक्त आहे, आणि येताजाता माणसांना आडवा येतो. 'कुंकू'तलं घड्याळ आणि हा ट्रॅक्टर शेजारी ठेवून बघा. विदर्भातल्या एका अख्ख्या वर्गाचा ऱ्हास त्या लोखंडात आहे.

पण तो विदर्भ आपला नव्हे, हेही मला आज इथे भंडाऱ्यात म्हणायचं आहे. पुस्तकात आणि पडद्यावर विदर्भ आला की तो बहुतेक वेळा कापसाचा विदर्भ असतो. उद्धव शेळक्यांची 'धग' ही कादंबरी अमरावतीकडची. सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा चित्रपट कापसाच्या शेतकऱ्याचा. रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा' बुलढाण्याकडची, तिच्यावर चित्रपटही आला. सगळी कामं मोलाची. पण धानाचा विदर्भ, वैनगंगेचा विदर्भ, झाडीचा विदर्भ कुठे आहे? आपला पाऊस वेगळा, आपलं कर्ज वेगळं, आपली बोली वेगळी. पऱ्हे टाकल्यापासून रोवणीपर्यंत आभाळाकडे बघत काढलेले दिवस कापूसवाल्याला सांगून कळत नाहीत. मालगुजारीच्या काळातले तलाव, बोड्या, पितळेच्या भांड्यांचं हे शहर, डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणी, पवनीच्या मातीखालचा बौद्ध स्तूप. यातलं काही गॅझेटिअरमध्ये आहे, कथेत फार थोडं आलं.

आणि गोसीखुर्दचं धरण. 1988 साली पायाभरणी झाली, तेव्हा तुमच्यातलं कुणी जन्मलंही नव्हतं. या सभागृहात, गाव पाण्याखाली गेल्यावर वसवलेल्या नव्या गावठाणातून आलेली पोरं असणारच. जुन्या गावात घर कुठे ते झाडावरून सांगत, नव्या गावात प्लॉटच्या नंबरवरून सांगतात. आजोबा अजूनही जुन्या शेजाऱ्याच्या घराकडे जायला निघतात आणि तो शेजारी आता दुसऱ्याच ओळीत असतो. यावर कादंबरी लिहायला मुंबईहून कुणी येणार नाही, आणि आलं तर दोन दिवस राहून ड्रोनने धरणाचं पाणी टिपून जाईल. त्याला ते पाणी सुंदर दिसेल. तुम्हाला त्याच्याखाली काय आहे ते माहीत आहे.

म्हणून नोकरी शोधा, एमपीएससी द्या, पोलीस भरतीला पळा, बी.एड. करा, दुकान टाका. मी कुणालाही घर सोडून लेखक व्हायला सांगत नाही. माझ्याही घरचा किराणा कादंबरीवर कधी आला नाही, पगारावरच येतो. पण त्याबरोबर एक काम मी तुम्हाला आज देणार आहे, आणि पदवी हातात पडायच्या आधी देतोय म्हणजे नाही म्हणता येणार नाही.

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, 1931 चा. त्याची एकही प्रत आज शिल्लक नाही. त्या काळी कुणाला वाटलं नाही की ही जपायची गोष्ट आहे. लोक बघत होते, पैसे येत होते, मग जपायचं कशाला? आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे या धानाच्या विदर्भाच्या, रंगभूमीचं आज हेच चाललंय. धान घरात आलं, मंडई झाली, शंकरपट सुरू झाले की गावोगाव रात्रभर नाटक चालतं, पाहुणे मुक्कामाला येतात, सोयरिकी जुळतात. वडशाला नाटक कंपन्यांची दुकानं लागतात. या रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यामुंबईला कळलं की असं काही आहे. पण नाटकाची वही कुठे आहे? कुठल्या साली कुठल्या गावात कुठलं नाटक झालं, नायिकेचं काम कोणी केलं, कोणत्या गाण्याला वन्समोअर मिळाला, याची नोंद कुठे आहे? तुमच्या आजीच्या डोक्यात आहे. दंडार आणि खडी गंमत या आपल्या लोककला करणारे म्हातारे अजून आहेत. दरवर्षी कमी होत आहेत.

तुमच्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. रील करता, करा. पण एकदा तो फोन आजीसमोर ठेवून एक तास बोलू द्या. मध्ये बोलू नका, मागे गाणं लावू नका, पंखा बंद करा, आवाज नीट येईल. गाव, तालुका आणि तारीख आधी स्वतःच्या तोंडाने सांगा, नाहीतर दहा वर्षांनी ते कुणाचं आणि कुठलं हे कळणार नाही. पोस्टर मिळालं तर त्याचा फोटो, वही मिळाली तर पानापानाचा फोटो, मूळ वही परत. कलावंताचं नाव आणि त्याची परवानगी लिहून घ्या, पैसे कुणी मागितले तर ते मागणं चूक समजू नका.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी कार्यक्रम संपल्यावर ग्रंथालयात यावं. तालुक्यानुसार याद्या करू. तुमसर आणि मोहाडीवाल्यांना आधी भेटतो, कारण त्यांची गाडी लवकर आहे. साकोली, लाखांदूर, पवनी नंतर. लाखनीवाल्यांनी आपसात ठरवून एकाला पुढे करा. बाकीच्यांनी फोटो काढून सरळ जेवायला जा, पंगत दुसऱ्या इमारतीत आहे.