बिनतेलाचा गोड पाव



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी पुष्कळांना हसू आले असेल. कामगारांच्या सभांत ज्यांनी तीस वर्षे घसा कोरडा केला, त्या गृहस्थांनी या गोदाकाठी येऊन पाव भाजण्यावर बोलावे, हे काय प्रकरण आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा "किमान वेतन" हा विषय आम्ही सुचवू अशी त्यांची अपेक्षा होती. पण वेतनावर आम्ही रोजच बोलतो. ज्या गोष्टीत आमची चूक झाली, तिच्यावर एकदा चारचौघांत बोलावे, असे बरेच दिवस मनात होते.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले, ते १८४० साली या गावात निघालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर आणि सातपूरच्या कारखान्यांच्या दारांशी. तेव्हा रसायनशास्त्र किंवा वैद्यक यांतला अधिकार आमच्याकडे नाही. जे वाचले, करून पाहिले आणि बिघडवले, तेवढेच सांगणार आहोत.

आधी ती चूक सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात उपाहारगृहाच्या मागणीसाठी आम्ही झगडत होतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह लावता येत असे. २०२० च्या संहितेने ती संख्या शंभरावर आणली. आमची मागणी साधी होती. रात्रपाळीच्या माणसाला पहाटे चारला नुसता चहा देऊ नका, त्याबरोबर पोटाला आधार द्या. पुष्कळ बैठका झाल्या, दारासभा झाल्या आणि अखेरीस करार झाला : चहाबरोबर प्रत्येकी दोन खारी अथवा दोन नानकटाया. त्या दिवशी आम्ही गुलाल उधळला. तो फलक आजही आमच्या कार्यालयात आहे.

पुढे काय झाले? तीच मंडळी पन्नाशीला आली. आमच्या जुन्या कार्यकारिणीतल्या नऊजणांपैकी पाचजण आज रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. एकजण रात्रपाळीहून घरी गेला आणि सकाळी उठलाच नाही. खारीने तो गेला, असे आम्ही म्हणणार नाही. विडी होती, जागरण होते, कर्ज होते. पण त्याच्या तेराव्याला बसलो असताना आमच्या मनात आले की, आपण ज्याला विजय म्हटले, त्यात काय काय होते हे आपण एकदाही विचारले नाही. वजन विचारले, संख्या विचारली, किंमत विचारली; ती खारी कशात भाजली जाते, हे विचारले नाही.

ती वनस्पती तुपात होत असे. आपल्या देशात डालडा १९३७ साली आले. पातळ तेलावर हायड्रोजनाची क्रिया करून ते थिजवायचे, म्हणजे ते तुपासारखे दिसते, स्वस्त पडते आणि लवकर खवट होत नाही. बेकरीच्या धंद्याला याहून सोयीचे काय असणार? पण या अर्ध्यामुर्ध्या क्रियेत जी ट्रान्स चरबी तयार होते, ती हृदयाच्या धमन्यांना अपायकारक आहे, हे शास्त्राने पुढे दाखवून दिले. आपल्या सरकारने २०२१ साली खाद्यतेले आणि वनस्पती यांतील तिचे प्रमाण तीन टक्क्यांवर आणि २०२२ साली दोन टक्क्यांवर बांधले. हे चांगले झाले. पण आमचा करार त्याच्या किती तरी आधीचा होता.

आता पावाकडे वळू. डॉक्टरांनी आम्हांला तेलतूप कमी करा असे सांगितले, तेव्हा आमची पहिली तक्रार हीच होती की, मग चहाबरोबर खायचे काय? यावर आमच्या सासूबाई हसल्या. त्या रत्नागिरीकडच्या. म्हणाल्या, "जावईबापू, आमच्याकडे धोंडस करतात, त्यात कुठे वाटीवाटी तेल असते?"

ज्यांना धोंडस ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस कोकणात वेलावर मोठाली तवशी, म्हणजे जून काकड्या, पिकतात. त्या किसायच्या, त्यांच्याच पाण्यात गूळ विरघळवायचा, त्यात भाजलेला तांदळाचा रवा, खोबरे आणि चवीपुरते मीठ घालायचे आणि जाड बुडाच्या भांड्यात केळीच्या किंवा हळदीच्या पानावर ते मिश्रण ओतायचे. खाली मंद विस्तव, वर झाकणावर निखारे. काही घरांत रवा तुपावर परततात, काही घरांत कोरडाच भाजतात. गोव्यात हाच प्रकार तवसाळी म्हणून ओळखला जातो. ना यीस्ट, ना रात्रभर आंबवणे, ना भट्टी. साहेबाच्या देशात ज्याला झटपट पाव म्हणतात, त्याचा हा आपला सख्खा भाऊ. फरक एवढाच की त्याला फुगवायला सोडा लागतो. आपला धोंडस न फुगताच आनंदात असतो.

धोंडसापासून आम्ही एक गोष्ट शिकलो. पावात तेल कशासाठी घालतात? पिठातल्या चिवट धाग्यांवर तेलाचा लेप बसतो, ते धागे आखूड राहतात आणि पाव मऊ होतो. शिवाय ओलावा टिकल्यासारखा वाटतो. काकडीचा कीस, पिकले केळे, भोपळ्याचा किंवा खजुराचा गर हे काम दुसऱ्या वाटेने करतात. त्यांच्या तंतूंत पाणी धरून ठेवण्याची शक्ती असते; ते पाणी भाजताना एकदम उडून जात नाही. म्हणजे तेलाची जागा रिकामी ठेवायची नाही, तेथे दुसरा कामगार उभा करायचा. नुसतेच तेल काढले, तर पाव मोडतो, तो आम्ही मोडून पाहिला आहे.

पहिला पाव आमच्या हातून वीट झाला. आम्ही कणीक पोळीसारखी मळली होती. दुसऱ्याला साबणाची चव आली. लवकर फुगावा म्हणून सोडा चमचाभर जास्त घातला होता. तिसरा वर आला आणि मधोमध खचला. मिश्रण तयार करून आम्ही दूरध्वनीवर एका कामगाराच्या निलंबनाबद्दल अर्धा तास बोलत राहिलो होतो. चौथा जमला. त्याची रीत सांगतो.

दोनशे ग्रॅम कणीक घ्या. तीत अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घालून सगळे दोनदा चाळा. चाळणे टाळू नका. हलकेपणाचा आरंभ तेथे आहे. शंभर ग्रॅम बिनबियांचा खजूर अर्ध्या वाटी गरम पाण्यात तासभर भिजवून त्याच पाण्यासकट वाटा. साल काळी पडलेली तीन केळी कुस्करा. फळवाला जी स्वस्तात काढून टाकतो, तीच उत्तम. त्यात अर्धी वाटी आंबट दही मिसळा. आपण नाशिककर आहोत, तेव्हा मूठभर मनुका असायलाच हव्यात. गोडी कमी वाटली तर थोडा किसलेला गूळ. आता ओले आणि कोरडे एकत्र करा. पण दहा-पंधरा वेळा पळी फिरवली की थांबा. पीठ थोडे गुठळ्यांचे दिसले तरी चालेल. जास्त ढवळाल तर तेच चिवट धागे तयार होतील आणि आमची वीट आपल्या घरी येईल. मिश्रण फार घट्ट वाटले तर दोन-तीन चमचे दूध घाला.

यानंतर मात्र वेळ दवडू नका. दह्यातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की कर्बवायू सुटू लागतो. तोच पावाला वर उचलतो. तो भांड्यातच निघून गेला, तर भट्टीत काय उचलणार? भांड्याला तेल लावण्याऐवजी तळाशी आणि कडेला कागद घाला. ओव्हन असेल तर आधी तापवून १८० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे. ओव्हन नसेल तर जुन्या जाड पातेल्यात दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ पसरा, वर तिवई ठेवा, घट्ट झाकण घालून दहा मिनिटे तापू द्या, मग पावाचे भांडे आत ठेवून मंद आचेवर तासभर. प्रेशर कुकर यासाठी वापरू नका; पाण्याशिवाय तापवण्यासाठी तो केलेला नाही. काडी खुपसून कोरडी निघाली की झाले. गरमगरम कापण्याचा मोह आवरा. पंधरा-वीस मिनिटे थांबल्यास आतली वाफ स्थिरावते आणि काप नीट पडतात.

हिशेब सांगणे आम्हांला भाग आहे, कारण आयुष्य हिशेब मागण्यात गेले. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, तर पिठात किंवा साखरेत चार. एवढ्या पावाला एरवी शंभर मिलिलिटर तेल सहज लागते, म्हणजे आठशेहून अधिक कॅलरी. दहा काप केले तर दर कापामागे ऐंशीएक कॅलरी वाचल्या. पण खजुराची आणि केळ्याची साखर ही साखरच आहे. मधुमेह असलेल्यांनी "बिनतेलाचा आहे" म्हणून तीन-तीन काप खाऊ नयेत. शरीराला थोडे तेल लागतेच. जेवणातले सगळे तेल बंद करा, असे आम्ही सांगत नाही. शिवाय तेल नसल्यामुळे हा पाव लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपवावा, नाहीतर शीतकपाटात ठेवून तव्यावर शेकावा.

येथपर्यंत सारे गोड आहे. आता कडू भाग.

आम्ही ही रीत महिला कामगारांच्या एका बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगितली. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, "दादा, कारखान्यात एक पाळी, सकाळी घरची दुसरी, संध्याकाळी घरची तिसरी. ही पावाची चौथी पाळी. हिचा भत्ता कोण देणार?" सभा हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर सुचले नाही. घरी येऊन सांगितले, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, बाई बरोबर बोलल्या. तुम्ही चार पाव केलेत, पण ती भांडी कोणी घासली?"

नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती कहाणी आम्ही शेकडो सभांत सांगितली आहे. पण सुट्टी गिरणीला मिळाली, चुलीला मिळाली नाही, हे त्या शेकडो सभांत आम्ही एकदाही म्हटले नाही. तेव्हापासून आमच्या घरी एक करार आहे. रविवारचा पाव आम्ही करतो. चाळणीपासून भांडी घासण्यापर्यंत. कराराला साक्षीदार सासूबाई आहेत आणि त्यांची तपासणी कारखाना निरीक्षकाहून कडक असते.

दुसरा प्रश्न आमच्या बेकरीतल्या बांधवांचा. तुम्ही घरी पाव करा म्हणता, मग रात्री दोनला उठून भट्टीशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय देता का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आमचे म्हणणे असे : आठवड्यातल्या एका घरगुती पावाने बेकरी बंद पडत नाही. उलट, ज्याने स्वतः पाव भाजला, त्याला भट्टीपुढच्या तासाची किंमत कळते. आणि गिऱ्हाईक जेव्हा "यात कोणते तूप आहे?" असे विचारू लागते, तेव्हा मालकाला चांगला माल करावा लागतो. चांगला माल करायला हातही चांगले लागतात, आणि चांगल्या हातांना दाम मागता येतो.

गेल्या वर्षी त्याच कारखान्यात आम्ही नवी मागणी ठेवली : खारीऐवजी भाजलेले शेंगदाणे, केळे, किंवा असा पाव. व्यवस्थापन म्हणाले, पाहू. आमचे तरुण सभासद मात्र म्हणाले, "दादा, लढून मिळवलेली खारी परत का देता?" त्यांचा राग आम्हांला समजतो. मिळवलेले सोडायचे नाही, हे आम्हीच त्यांना शिकवले. पण मागताना काय मागतो आहोत हे पाहून मागावे, हेही शिकवायला हवे होते, ते राहिले. बोलणी अजून चालू आहेत.

व्याख्यान लांबले. आम्ही सोबत एक पाव आणला आहे. एवढ्या सभेला तो पुरणार नाही, पण पुढच्या दोन रांगांतल्या मुलांना एकेक तुकडा मिळेल. तो आमच्या हातचा आहे, आणि भांडीही आम्हीच घासली आहेत.