अंगठ्याची वाचा



२०१२ साली फेसबुकवरच्या मजकुरापायी पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यात लावलेलं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केलं. बोलण्याचा हक्क शाबूत राहिला. आम्ही त्याचं काय केलं? निवडणुकीच्या वादात व्हॉट्सॲपवर, सगळ्या वस्तीदेखत, आम्ही एका साथीदाराला "तू विकला गेलास" म्हणालो. पुरावा काहीच नव्हता. साचाखात्यात तीस वर्षं एका पाळीला, एका डब्यात जेवलेला माणूस! पुढे त्याच्या आईच्या पुण्यानुमोदनाचं आम्हाला बोलावणं आलं नाही. बंधूंनो, पंचशीलातलं चौथं शील अंगठ्यालाही लागू आहे. मतभेद जरूर मांडा, पण समोर बसून. आम्ही उद्याच त्याच्या दारी जाणार आहोत. जयभीम!