आपल्याकडे राहिलेली शीग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज वर्धापनदिनाला 'कठीण काळातला शेजार' या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. भाषण करण्याची मला सवय नाही. भाकरी थापता थापता जे सुचले ते वहीत लिहून आणले आहे, तेच वाचून दाखविते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

विषय कळला तेव्हा माझा मुलगा घरी आला होता. तो चंद्रपूरला शिकतो. तो म्हणाला, "आई, अमेरिकेतसुद्धा असा कठीण काळ आला होता." मला खरे वाटेना. अमेरिका म्हणजे श्रीमंतांचा देश, असेच आपण समजतो. मग त्याने मला वाचून दाखविले. १९२९ साली तिकडे शेअरबाजार कोसळला, बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले. १९३३ सालापर्यंत दर चार कामकऱ्यांतला एक बेकार झाला होता. चांगल्या घरची माणसे पावाच्या तुकड्यासाठी आणि सूपच्या वाटीसाठी रांगेत उभी राहत. पिठाची गिरणीवाल्यांनी दिलेली कापडी पोती बायका उसवीत आणि त्यांतून मुलींचे झगे शिवीत. पुढे गिरणीवाल्यांनीच पोत्यांवर फुलाफुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. हे ऐकून मला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. माझे पहिले परकर मायने पोत्याचेच शिवले होते. त्यावर फुले मात्र नव्हती.

त्यात सिएटल नावाच्या एका शहराची हकीकत होती. ते समुद्रकाठचे, लाकडाच्या धंद्याचे गाव. तेथे १९३१ साली बेकार लोकांनी आपली एक संघटना काढली. पैसा कोणाकडेच नव्हता, पण हातपाय सगळ्यांचे धड होते. भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी बटाटे जमिनीतच सोडले होते. या लोकांनी ते खणून आणले. लाकडे तोडली, मासे धरले, फळे उतरविली आणि सगळे आपसांत वाटून घेतले. ज्याला शिवता येई त्याने शिवायचे, ज्याला घर दुरुस्त करता येई त्याने घर दुरुस्त करायचे. भगिनींनो, यालाच आपण सावड म्हणतो. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात.

त्याच गावात बंदराजवळ बेघर माणसांनी पत्रे आणि खोकी जोडून झोपड्यांची वस्ती उभारली होती. त्या वेळच्या हूवर नावाच्या राष्ट्राध्यक्षावर राग म्हणून लोक तिला हूवरव्हिल म्हणत. अधिकाऱ्यांनी ती दोनदा जाळली. लोकांनी ती पुन्हा उभी केली. १९३४ साली एका अभ्यासकाने मोजले तेव्हा तिथे ६३९ माणसे राहत होती. त्यांत गोरे होते, काळे होते, फिलिपिन्स बेटांवरून आलेलेही होते. त्यांनी वस्तीचा कारभार पाहण्यासाठी जी समिती नेमली, तिच्यात या तिन्ही प्रकारच्या लोकांना जागा होती. ही गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवावी. शेवटी मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता आपल्या डोंगराकडे वळते.

आपल्यापैकी पुष्कळजणींचे माहेर किंवा सासर मूळचे मराठवाड्यातले. माझे आईवडील नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडकडचे. १९७२ सालचा दुष्काळ तुम्ही घरोघरी ऐकलाच आहे. तो एका वर्षाचा नव्हता. त्याच्या आधीची दोन वर्षेही पावसाने दगा दिला होता आणि बहात्तरला तर त्याने पाठच फिरविली. विहिरी आटल्या. बैल कवडीमोलाने गेले. सरकारने पाझर तलावांची, रस्त्यांची, नाला बांधाची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे अशा कामांवर होती. त्यांत बायका फार. माझी माय खडी फोडायला जाई. माझा मोठा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता. दगडाच्या ढिगाआड लुगड्याची झोळी बांधून ती त्याला निजवी. कामावर सुकडी मिळे. रेशनवर मिळे ती लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाखाली उतरत नसे. ती ज्वारी अमेरिकेहून आली होती. ज्या अमेरिकेत लोक पावाच्या रांगेत उभे होते, त्याच अमेरिकेची ज्वारी चाळीस वर्षांनी माझ्या मायच्या पदरात पडली. म्हणजे कोणावर केव्हा पाळी येईल, याचा नेम नाही.

त्या दुष्काळाने एक चांगली गोष्टही दिली. वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना पुढे आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क गरिबाला मिळाला. २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला, त्याच्या मुळाशी खडी फोडणाऱ्या आपल्या आयांचे हात आहेत, असे मी मानते.

पण सगळ्यांनाच गावी तग धरवला नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी उरलेली बैलजोडी गाडीला जुंपली आणि किनवट, आदिलाबाद करीत ते या माणिकगडच्या डोंगरात आले. तिकडे रान आहे, पाणी आहे, असे कोणीतरी सांगितले होते. नांदेडच्या लोकांना हा मुलूख अगदीच परका नव्हता. हा सारा राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्याला जोडला आणि १९५९ साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. तीन वर्षे का होईना, पण आमचे गाव आणि हा डोंगर एकाच जिल्ह्यात होते. कागदावर जवळीक होती. प्रत्यक्षात मात्र माय इथे आली तेव्हा तिला एकही ओळखीचे माणूस नव्हते.

आमची झोपडी कुडाची. आल्या आल्या वडिलांना हिवताप झाला. सोबत आणलेले दाणे संपले. जवळच कोलामांचा गुडा होता. गोंड आणि कोलाम हे या डोंगराचे मूळचे राहणारे. माय सांगे, दोन दिवस चूल पेटली नाही तेव्हा ती भावाला कडेवर घेऊन गुड्याकडे निघाली. दाराशी एक म्हातारी बांबू चिरीत बसली होती. तिची बोली कोलामी, मायची बोली मुखेडकडची. मायने पदर पसरला. त्याला कोणतीच भाषा लागत नाही. म्हातारी उठली, आत गेली आणि पायलीभर ज्वारी आणून पदरात ओतली. तिच्या घरातही काही कोठ्या भरलेल्या नव्हत्या. वर तिने विस्तवही दिला, कारण आमच्याकडे काडेपेटीही नव्हती.

त्या पावसाळ्यात तिनेच मायला रान शिकविले. तरोट्याची कोवळी पाने केव्हा खुडायची, बांबूचे वास्ते कसे उकळायचे, कोणता कंद खायचा आणि कोणता खायचा नाही, मोहाची फुले कशी वाळवायची, उन्हाळ्यात कोणत्या झऱ्याला पाणी राहते. माझ्या भावाच्या पाठची बहीण झाली तेव्हा बाळंतपणही तिनेच केले. दवाखाना तेव्हा कुठला? आम्ही सगळी भावंडे तिला गुड्यावरची आजी म्हणत असू.

पुढे मराठवाड्याची आणखी घरे आली. बंजारा आले, मातंग आले, मराठे आले. एका घरी जाते, दुसऱ्या घरी पाटा, तिसऱ्या घरी कंदील. रात्री बाळंतीण अडली की कंदील त्या घरी जाई आणि बाकीची घरे अंधारात राहत. कोणाचे छप्पर शाकारायचे तर इर्जिक होई. पुरुष वर चढत आणि बायका मिळून पिठले-भाकरी करीत. मीठ, मिरची, तेल, दाणे, सगळ्याची उसनवारी चाले. तिची वही कोणी लिहिली नाही, पण प्रत्येकीला सगळा हिशेब तोंडपाठ असे. मायने आम्हा मुलींना एकच नियम शिकविला. उसने घेताना माप सपाट घ्यावे आणि परत करताना शीग लावून द्यावे. ती शीग म्हणजे व्याज नव्हे. तू वेळेला धावलीस, हे मी विसरले नाही, एवढेच तिचे सांगणे असते.

आमची पहिली ज्वारी निघाली तेव्हा माय पायली घेऊन गुड्यावर गेली. शीग चांगली उंच लावली होती. आजीने ती पाहिली, तळहाताने शीग निपटून काढली आणि मायच्या पदरात परत टाकली. जेवढे दिले तेवढेच तिने ठेवून घेतले. माय म्हातारपणी नेहमी म्हणे, "पायली फिटली गं, पण ती शीग आपल्याकडंच राहिली."

मैत्रिणींनो, आता मी माझी एक चूक सांगते. अशा शुभ दिवशी ती सांगावी की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

पाचसहा वर्षांमागची गोष्ट. गुड्यावरची एक बाई सुपे-टोपली विकायला माझ्या दारी आली. मला सूप हवे होते. तिने किंमत सांगितली आणि मी सवयीप्रमाणे घासाघीस केली. ती बिचारी उन्हातून आलेली. शेवटी दहा रुपये कमी करून मी सूप घेतले आणि स्वस्तात मिळाले म्हणून खूश झाले. माय आत बाजेवर पडून होती. तिला नीट दिसत नव्हते, पण आवाज ओळखू आला. बाई गेल्यावर ती म्हणाली, "अगं, ती गुड्यावरच्या आजीची नात. जिच्या ज्वारीवर तुझा भाऊ जगला, तिच्या नातीचे दहा रुपये तू कापलेस." मी धावत रस्त्यापर्यंत गेले. ती दिसली नाही. त्यानंतर थोड्याच महिन्यांत माय गेली. ते सूप आजही माझ्या घरात आहे. पाखडायला घेतले की ते दहा रुपये आठवतात.

त्या दिवसापासून मी विचार करू लागले. आपण दुष्काळातून आलो, खरेच. आपण फार सोसले, हेही खरे. पण आपण आलो ती जागा मोकळी नव्हती. जिला आज आपण आपले शेत म्हणतो, तिथे आधी कोणाचा तरी विळा फिरला होता. आदिवासींच्या जमिनी इतरांच्या हाती जाऊ लागल्या, म्हणून तर त्या परत देण्याचा कायदा सरकारला १९७४ साली करावा लागला. दुसऱ्या बाजूने आपलीही अडचण लहान नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आपल्याला इथे येऊन पन्नास वर्षे झाली. मग पुरावा आणायचा कुठून? कित्येकींच्या घरी पट्टा नाही आणि त्या चिंतेने झोप नाही. कायद्याचे काय ते जाणत्यांनी पाहावे. मला एवढेच वाटते की, दोघी गरीब शेजारणींनी एकमेकींकडे वैऱ्यासारखे पाहू नये. कागद नसला तरी आजी मायला विस्तव देत होती.

आपल्या मंडळाकडे पाहा. हळदीकुंकू होते, बचत होते, सहल निघते. पण आजच्या सभेत कोलाम भगिनी किती आहेत? मागे दोन बसल्या आहेत, त्याही दाराजवळ. त्यांना कोणी मुद्दाम दूर ठेवले, असे मी म्हणत नाही. आपण बोलावलेच नाही, एवढेच. सिएटलच्या त्या पत्र्याच्या वस्तीतल्या भुकेल्या माणसांना जे सुचले, ते आपल्याला सुचू नये काय?

म्हणून मी तीन गोष्टी सुचविते. पहिली, येत्या वर्षी कार्यकारिणीत गुड्यावरच्या दोन भगिनी घ्याव्या आणि त्यांचे म्हणणे ऐकून मग ठराव करावे. वर्षातून निदान दोन सभा गुड्यावर व्हाव्या. दुसरी, मंडळाने धान्याची एक सामाईक कोठी ठेवावी. सुगीनंतर प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी तिच्यात टाकावी आणि जून ते ऑगस्ट, जेव्हा डोंगरात घरोघर दाणे सरतात, तेव्हा अडलेल्या घराला ती उसनी द्यावी. व्याज नाही, कागद नाही. कोठीची किल्ली एकीकडे आणि माप दुसरीकडे असावे, म्हणजे संशयाला जागा राहणार नाही. तिसरी, सुपे-टोपल्या घेताना आपण सांगितली ती किंमत द्यावी. कापडाच्या दुकानात आपण लेबलावरची किंमत मुकाट्याने देतो. मग बांबूने हात फाडून घेणाऱ्या बाईशीच घासाघीस कशाला?

पहिली पायली मी आज सोबत आणली आहे. ती त्या कोपऱ्यात ठेवली आहे. तिला शीग लावली आहे, आणि या वेळी ती कोणी निपटून परत देऊ नये, अशी विनंती आहे. दाराजवळ बसलेल्या भगिनींनी पुढे येऊन बसावे, अशी त्यांना दुसरी विनंती.