वनातील वाट आणि गावाची राखण



पावसाळ्यात पैनगंगा दुथडी भरून वाहू लागली की उमरखेड तालुक्यातील मुरली गावाच्या वाटेने माणसांची रीघ लागते. येथे नदी काळ्या कातळावर पसरते, अनेक धारांत विभागते आणि गर्जना करीत खालच्या डोहात कोसळते. खडकात पाण्याने युगानुयुगे कोरलेल्या कुंडांवरून या स्थळाला सहस्रकुंड हे नाव पडले. एका काठावर यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठावर नांदेड जिल्हा. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर याच नावाचे स्थानकही आहे. नांदेड, हिंगोली, यवतमाळ आणि तेलंगणातील आदिलाबाद येथून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, काठावरच्या महादेवाचे दर्शन घेतात, शिदोरी सोडतात आणि सायंकाळी परततात.

पाहुणा परतल्यानंतर गावाच्या वाट्याला काय उरते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या, तुडवलेले बांध आणि कधी कधी डोहात शोध घेण्याची दुर्दैवी वेळ, एवढेच जर उरत असेल, तर अशा स्थळाचा विकास झाला असे म्हणता येणार नाही. वनातील सहलीचे स्थळ टिकवायचे असेल, तर त्या वाटेच्या तोंडाशी वसलेले गाव त्याचे राखणदार झाले पाहिजे.

वनविहाराची जुनी परंपरा

अरण्यात पायी हिंडणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. पैनगंगेच्या पलीकडे माहूरगड आहे. राखी पौर्णिमेच्या सुमारास हजारो भाविक माहूरची परिक्रमा करतात. डोंगर, ओढे आणि झाडी ओलांडीत जाणारी ही वाट म्हणजे एक वनवाटच होय. तिला कोणी आखणीकार नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ती घडविली आणि वाटेवरच्या गावांनी यात्रेकरूंना पाणी देऊन ती जागती ठेवली.

स्वातंत्र्योत्तर काळात वनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पूर्वी शिकारी बंदूक घेऊन जंगलात जात. १९५५ मध्ये ताडोबा हे राज्यातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीला पायबंद घातला. बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली. या अधिनियमाने अभयारण्यात प्रवेशासाठी परवान्याची अट घातली; मात्र ज्या कारणांसाठी परवाना देता येतो, त्यांत वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण आणि शास्त्रीय संशोधन यांच्या जोडीला पर्यटनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच वन पाहण्यास कायद्याची ना नाही; ते कसे पाहावे याला मात्र शिस्त आहे.

इतर देशांचा अनुभवही येथे उपयोगी पडतो. अमेरिकेत १९६० च्या कायद्याने राष्ट्रीय वनांच्या उद्दिष्टांत लाकूड, चराई आणि पाणी यांच्या बरोबरीने मोकळ्या हवेतील विरंगुळ्यालाही स्थान दिले. १९६८ मध्ये तेथे राष्ट्रीय पायवाटांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यातील ॲपलाचियन पायवाट सुमारे ३५०० कि.मी. लांबीची आहे, आणि तिची डागडुजी मुख्यत्वे वाटेवरच्या स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक करतात. ज्या देशाजवळ पैशाची वाण नाही, त्यालाही वाट राखण्यासाठी आसपासच्या माणसांचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

पैनगंगेचे अरण्य

उमरखेड हे नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावरील गाव. महामार्गाच्या दुतर्फा कापूस, सोयाबीन आणि उसाची शेते दिसतात. पण बिटरगाव, खरबी या बाजूला वळले की देखावा पालटतो आणि पैनगंगा अभयारण्याची हद्द सुरू होते. नदीने तीन बाजूंनी वेढलेले हे पानगळीचे, सागाचे वन आहे. सागाच्या जोडीला ऐन, धावडा, तेंदू, मोह, बेहडा, चारोळी आणि पळस आहेत. फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटपतात, उन्हाळ्यात साग निष्पर्ण होतो आणि पहिल्या पावसासरशी सारे रान हिरवे होते. बिबट, अस्वल, सांबर, चितळ, नीलगाय, तरस आणि मोर ही येथील वन्यसंपदा होय.

या अरण्यात माणसेही राहतात. आंध, गोंड, कोलाम आणि बंजारा समाजाची गावे, पोड आणि तांडे येथे आहेत. तालुक्यात हा प्रदेश ‘बंदी भाग’ म्हणून ओळखला जातो. हे नावच पुष्कळ सांगून जाते. रस्ता करायचा तर परवानगी, सरपण आणायचे तर अडचण, उभ्या पिकात रानडुकरे शिरली तर नुकसान. वनाच्या रक्षणाचा भार या गावांनी वर्षानुवर्षे उचलला आहे. वनामुळे काही मिळते, असा अनुभव त्यांच्या गाठीशी थोडा आहे. या अरण्यात उद्या वाटा आखल्या गेल्या आणि त्यांचा लाभ दूरच्या ठेकेदाराला झाला, तर बंदी भागाच्या मनातील दुरावा वाढेल आणि त्याची झळ अखेर वनालाच लागेल.

वाट कोणाची?

पाहुण्यांसाठी नव्या वाटा खोदण्याचे कारण नाही. मोह वेचणाऱ्या बायकांची, तेंदूपाने आणणाऱ्या कुटुंबांची, गुराख्यांची आणि वनरक्षकांच्या गस्तीची वाट आधीपासून आहे. वणवा रोखण्यासाठी काढलेल्या जाळरेषा आहेत. त्यांपैकी निवडक वाटांवर दिशादर्शक पाट्या लावणे आणि सोबत गावातील जाणता वाटाड्या देणे, एवढ्याने एक उत्तम वनवाट तयार होते. मात्र निवड करताना एक पथ्य सांभाळले पाहिजे. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात ज्या वाटेवर गावाची रोजी अवलंबून असते, ती वाट त्या दिवसांत पाहुण्यांना बंद असावी.

याच वाटा वन्यप्राण्यांच्याही आहेत. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एक तरुण वाघ २०१९ मध्ये नव्या अधिवासाच्या शोधात निघाला. त्याच्या गळ्यात संदेश देणारा पट्टा होता, म्हणून त्याचा प्रवास जगाला कळला. शेते, रस्ते, नद्या ओलांडीत, दोन राज्यांतून ३००० कि.मी.हून अधिक भटकंती करून तो २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. टिपेश्वर आणि ज्ञानगंगा यांच्यामधील मुलखात पैनगंगेच्या खोऱ्यासारखी झाडीची बेटे नसती, तर अशी वाटचाल संभवली नसती. सूर्यास्तानंतर वाट बंद, हा नियम त्यासाठीच आहे. दिवसा माणसाने चालावे आणि रात्री रान रानाच्या धन्यांना सोडावे.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांवरील मचाणांवर बसण्याची संधी नागरिकांना देतो. एके काळी पाणवठ्यावरच्या नोंदींवरून प्राणिगणना होत असे. आता वाघांच्या गणनेसाठी स्वयंचलित कॅमेरे वापरले जातात. तरीही हा निसर्गानुभव चालू आहे, कारण चांदण्यात तासन्‌तास न बोलता बसलेला माणूस वनाचा आदर शिकून परततो. जंगलात गोंगाट, ध्वनिक्षेपक आणि मेजवान्या यांना स्थान का नसावे, हे त्याला मग वेगळे सांगावे लागत नाही.

पाण्याजवळची दक्षता

सहस्रकुंडाचा प्रश्न याहून निकडीचा आहे. शेवाळलेला कातळ, खोल कुंडे आणि वेगवान प्रवाह यांचा अंदाज नवख्या माणसाला येत नाही. त्यातून नदीच्या वरच्या अंगाला इसापूरचे मोठे धरण आहे. धरणाचे दरवाजे उघडले की धबधब्यावर आकाश निरभ्र असतानाही पाणी चढते. खडकावर छायाचित्र काढण्यात दंग असलेल्या कुटुंबाला ते कळेपर्यंत परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते.

ही सूचना वेळेवर पोचविणे हे खर्चाचे काम नाही. धरणावरून विसर्गाची खबर निघाली की ती दोन्ही जिल्ह्यांच्या तहसील कार्यालयांना, तेथून काठावरच्या ग्रामपंचायतींना आणि ग्रामपंचायतीकडून प्रत्यक्ष धबधब्यावरील राखणदाराला मिळाली पाहिजे. त्याच्या हाती भोंगा आणि लाल निशाण असावे. कातळावर धोक्याची रेषा ठळक रंगविलेली असावी आणि दोन्ही काठांवर एकच नियम चालावा. एका काठावर बंदी आणि दुसऱ्यावर मुभा असेल, तर पुराचे पाणी जिल्ह्याची हद्द पाहत नाही, याचे स्मरण ठेवावे. पोहणारे तरुण, दोर आणि हवा भरलेली नळी ही साधने काठावरच हाताशी हवीत. बोलावणे गेल्यावर येणारी मदत बहुधा उशिराच पोचते.

गावाचा वाटा

राखणीचे काम कोणी विनामूल्य करावे अशी अपेक्षा ठेवणे न्यायाचे नाही. सातारा जिल्ह्यातील कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. फुलांच्या हंगामात तेथे भोवतालच्या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर व्यवस्था पाहतात. प्रवेशशुल्क घेतले जाते, पाहुण्यांच्या दैनिक संख्येला मर्यादा आहे आणि गावातील तरुणांना मार्गदर्शक व रक्षक म्हणून काम मिळते. ताडोबाच्या भोवतालच्या गावांतील युवक आणि महिलाही वाटाड्या म्हणून उभ्या राहिल्या आहेत. त्याच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणानंतर केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन कमाल २० टक्के भागापुरते मर्यादित झाले. पाहुण्यांची संख्या वाढविणे हे यशाचे एकमेव माप नव्हे, हा त्यातील बोध पैनगंगेच्या अरण्यालाही लागू आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. म्हणून वाट आखण्यापूर्वी ग्रामसभेत चर्चा व्हावी, कोणती वाट द्यायची आणि कोणती देवराई किंवा स्मशानाची जागा वगळायची हे गावाने सांगावे, आणि शुल्कातील गावाचा हिस्सा किती व तो कोणत्या कामावर खर्च होणार, हे आधीच ठरावाने निश्चित व्हावे. हिशेबाचा तक्ता चावडीवर लागला म्हणजे संशयाला जागा राहत नाही.

तिघांची तीन कामे

या कार्यात तीन घटकांचे सहकार्य अगत्याचे आहे. पहिला घटक ग्रामपंचायत. वाटेच्या तोंडाशी नोंदवही, पिण्याचे पाणी, महिलांसाठी स्वच्छतागृह आणि कचरा परत नेण्याची सक्ती, या चार गोष्टी तिने कराव्यात. मोठ्या इमारती आणि सिमेंटचे प्राणी यांची गरज नाही. नोंदवहीत गेलेल्यांची आणि परतलेल्यांची नावे असली, तर दिवेलागणीला एखादे माणूस मागे राहिले आहे हे लगेच कळते.

दुसरा घटक शिक्षक. बंदी भागातील मुलाला झाडाची जेवढी ओळख असते, तेवढी पाहुण्यांपैकी क्वचितच कोणाला असते. शाळेने मुलांकडून आपल्या परिसरातील वृक्षांची नोंद करून घ्यावी आणि प्रत्येक झाडाचे मराठी नाव, तसेच गोंडी, कोलामी आणि बंजारा घरांत चालणारे नाव लिहावे. वाटेवरच्या पाट्या याच नोंदींवरून तयार झाल्या, तर मुलांना आपल्या भाषेचा आणि ज्ञानाचा मान सर्वांसमोर दिसेल. उद्याचे वाटाडे या मुलांतूनच निपजतील.

तिसरा घटक शासकीय यंत्रणा. वन, महसूल, पाटबंधारे, पोलीस आणि आरोग्य या विभागांची पावसाळ्यापूर्वी एकत्र बैठक व्हावी. वाटाड्यांना प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मिळावे. नाग, मण्यार आणि घोणस यांच्या मुलखात सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या आरोग्य केंद्रात आहे की नाही, याची तपासणी वाटेच्या उद्‌घाटनाआधी झाली पाहिजे. फीत कापण्याचा समारंभ त्यानंतरही करता येईल.

सहस्रकुंडाचे पाणी पाहणाऱ्याला क्षणभर विसावा देते, सागाच्या रानातील पहाट त्याला ताजेतवाने करते. या आनंदावर शहरातल्या माणसाचा हक्क आहेच. पण जे गाव ती वाट राखते, पुरात उडी घालते आणि वणव्यात हिरव्या फांद्या घेऊन धावते, त्याचा हक्क आधीचा आहे. हा क्रम पाळला, तर बंदी भागाला बंदीखेरीज आणखी एक ओळख मिळेल. वाटेच्या तोंडाशी बसलेल्या त्या राखणदाराच्या नोंदवहीत सकाळी लिहिलेले प्रत्येक नाव सायंकाळी सुखरूप परत यावे, हीच या कामाची कसोटी होय.