गाव करी ते राव न करी : आफ्रिकी विद्यापीठांचे सामाईक संगणकजाळे



ज्ञानाची साधने एकेकट्याने विकत घेणे परवडत नाही, तेव्हा ती सर्वांनी मिळून घ्यावीत आणि सर्वांनी मिळून जपावीत, या साध्या विचारातून ग्रंथालय जन्मास येते. वर्गणी, सभासद, कार्यकारी मंडळ, नियम आणि ते नियम पाळण्याची शिस्त ही त्याची अंगे होत. शताब्दीच्या या प्रसंगी ज्या उद्योगाचा परिचय करून द्यावयाचा आहे, तो याच जातीचा आहे. मात्र त्यातील सभासद व्यक्ती नसून विद्यापीठे आहेत, आणि सामाईक मालमत्ता ग्रंथांची नसून संगणकांना जोडणाऱ्या तारांची आहे. आफ्रिका खंडातील विद्यापीठांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभारलेल्या संशोधन व शिक्षणविषयक संगणकजाळ्यांची ही कथा आहे.

या कथेचा आरंभ फार मोठ्या यंत्रसामग्रीने झालेला नाही. दक्षिण आफ्रिकेतील ग्रॅहम्सटाउन येथील ऱ्होड्स विद्यापीठातील काही संगणकतज्ज्ञांनी १९८८ च्या सुमारास साध्या दूरध्वनीच्या तारेवरून अमेरिकेतील पोर्टलंड येथील एका जाणकाराच्या घरच्या संगणकाशी संधान बांधले आणि त्या मार्गाने इलेक्ट्रॉनिक पत्रांची ने-आण सुरू केली. १९९१ च्या अखेरीस तेथूनच देशाची इंटरनेटशी पहिली जोडणी झाली. झांबियातही पुढाकार विद्यापीठाचाच होता. लुसाका येथील विद्यापीठाच्या संगणक केंद्राने प्रथम पत्रांची सोय केली आणि त्यातूनच १९९४ मध्ये झामनेट ही देशातील पहिली इंटरनेट सेवा निघाली. अनेक आफ्रिकी देशांत इंटरनेटचे बी प्रथम विद्यापीठांच्या अंगणातच रुजले.

परंतु रोप वाढविणे हे बी रुजविण्याहून अवघड ठरले. आफ्रिकेतील उच्च शिक्षणसंस्थांच्या जोडणीची एक विस्तृत पाहणी २००४ साली झाली. हजारो विद्यार्थ्यांच्या सरासरी आफ्रिकी विद्यापीठाला मिळणारी वहनक्षमता युरोपातील एखाद्या कुटुंबाच्या घरगुती जोडणीएवढीच आहे, आणि तिच्यासाठी ते विद्यापीठ जगातील इतर शिक्षणसंस्थांच्या सुमारे ५० पट दाम मोजते, असा निष्कर्ष तीतून निघाला. ज्यांची ऐपत सर्वांत कमी त्यांच्यावरच सर्वांत मोठा भार, असा हा उफराटा व्यवहार होता.

त्याची कारणे शोधण्यासारखी आहेत. पहिले कारण उपग्रह. बहुतेक विद्यापीठांचा बाहेरच्या जगाशी संबंध उपग्रहामार्फतच येई आणि ती सेवा अतिशय महाग होती. दुसरे कारण मक्तेदारी. २००२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरून सॅट-३ नावाची समुद्राखालील केबल सुरू झाली खरी. पण ती जेथे जेथे किनाऱ्याला लागली, तेथे तिच्यावर बहुधा एकाच दूरसंचार कंपनीचा ताबा राहिला आणि दर खाली येईनात. केबल दारापर्यंत आली, पण दाराची किल्ली एकाच्याच कमरेला होती. तिसरे कारण विद्यापीठांचे स्वतःचे होते. प्रत्येक संस्था आपापला सौदा स्वतंत्रपणे करी. किरकोळ गिऱ्हाइकाला घाऊक भाव मिळत नाही, हा बाजाराचा नियम येथेही लागू पडला.

देशांतर्गत दळणवळणाची स्थितीही विचित्र होती. नैरोबी शहरातील एका संस्थेचे पत्र त्याच शहरातील दुसऱ्या संस्थेला पाठवावयाचे, तर ते उपग्रहामार्फत परदेशी जाऊन परत येई आणि या हेलपाट्याचे भाडे परकीय चलनात भरावे लागे. यावर उपाय म्हणून नोव्हेंबर २००० मध्ये तेथील इंटरनेट कंपन्यांनी एक स्थानिक विनिमय केंद्र उघडले. सरकारी दूरसंचार कंपनीच्या तक्रारीवरून ते काही आठवड्यांतच बंद पाडण्यात आले, आणि नियामक मंडळाचे मन वळविल्यावर फेब्रुवारी २००२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. तारा जोडणे एकवेळ सोपे, पण तारा जोडण्याचा अधिकार मिळविणे कठीण, हा धडा या प्रकरणाने दिला.

अशा स्थितीत विद्यापीठांना जो मार्ग सापडला तो सहकाराचा. केनियामध्ये १९९९ साली केनेट आणि दक्षिण आफ्रिकेत २००० साली टेनेट या संस्था स्थापन झाल्या. युगांडात २००६ मध्ये रेनू ही संस्था आली. या संस्थांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे. त्या नफ्यासाठी काढलेल्या कंपन्या नव्हेत. विद्यापीठे व संशोधनसंस्था त्यांचे सभासद असतात, वर्गणी भरतात आणि कारभारावर देखरेख ठेवतात. सर्वांच्या वतीने वहनक्षमता घाऊक भावाने विकत घेतली जाते आणि ठरलेल्या प्रमाणात वाटून दिली जाते. वीस दुबळ्या गिऱ्हाइकांचे मिळून एक सबळ गिऱ्हाईक होते, आणि विक्रेत्याला त्याच्याशी आदराने बोलावे लागते. याचे उत्तम उदाहरण उपग्रहाच्याच काळातले आहे. २००६ च्या सुमारास अकरा आफ्रिकी विद्यापीठांनी एकत्र येऊन सामाईक खरेदी केली, तेव्हा एका किलोबिटमागे महिन्याला पडणारा सुमारे ७ डॉलरचा दर अडीच डॉलरच्या आत आला. उपग्रह तोच होता. बदलली होती ती गिऱ्हाइकाची पत.

देशात जे साधले ते देशादेशांत का साधू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे आला. २००५ मध्ये मलावी, मोझांबिक, केनिया, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतील जाळ्यांनी उबुंटूनेट अलायन्स ही संघटना उभी केली. तिचे कार्यालय मलावीच्या लिलाँग्वे या राजधानीत आहे. ‘उबुंटू’ हा दक्षिण आफ्रिकेतील भाषांतला शब्द. माणूस इतर माणसांमुळेच माणूस होतो, असा त्याचा आशय. ‘गाव करी ते राव न करी’ ही आपल्याकडची म्हण या आशयापासून फार दूर नाही. पुढे २०१० मध्ये पश्चिम व मध्य आफ्रिकेसाठी अक्रा येथे वॅक्रेन आणि उत्तरेकडील अरब देशांसाठी अस्रेन अशा भगिनीसंस्था निघाल्या.

याच सुमारास समुद्रानेही साथ दिली. २००९ मध्ये पूर्व किनाऱ्यावर सीकॉम आणि २०१० मध्ये ईसी या केबली सुरू झाल्या. सीकॉमचे एक टोक मुंबईला आहे, ही गोष्ट मराठी श्रोत्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या सागरावरून शतकानुशतके गलबते ये-जा करीत, त्याच्या तळातून आता अक्षरे वाहू लागली. परंतु मलावी, झांबिया, युगांडा, रवांडा यांना किनारा नाही. तेथवर तार न्यावयाची म्हणजे शेजारी देशांच्या सीमा ओलांडावयाच्या. प्रत्येक सीमेवर निराळा परवाना, निराळा दर. कित्येक ठिकाणी उच्चदाबाच्या विद्युत्वाहिन्यांबरोबर टाकलेले प्रकाशतंतू अशा वेळी उपयोगी पडले. २०११ मध्ये आफ्रिकाकनेक्ट हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्याचा ८० टक्के खर्च युरोपीय संघाने उचलला आणि उरलेला २० टक्के आफ्रिकी सभासदांनी.

हे सारे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील, तर त्याचे उत्तर कामातूनच मिळते. २०१२ मध्ये केपटाउन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली एचथ्रीएबायोनेट हे जनुकीय माहितीच्या अभ्यासाचे आफ्रिकाव्यापी जाळे उभे राहिले. आफ्रिकी लोकांच्या जनुकांचा अभ्यास आफ्रिकेतच व्हावा, त्यासाठी लागणारी विद्या तेथेच रुजावी, हा त्यामागील हेतू. दक्षिण आफ्रिकेतील कारू प्रदेशात २०१८ साली मीरकॅट ही ६४ तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण कार्यान्वित झाली. एसकेए या जागतिक दुर्बिणीचा ती भाग होणार असून त्या उपक्रमात पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रही सहभागी आहे. ग्रंथालयांच्या दृष्टीने तर वॅक्रेनने २०१७ मध्ये आरंभिलेला लिबसेन्स हा उपक्रम विशेष मोलाचा. ग्रंथपाल आणि संगणक-अभियंते यांना त्याने एका बैठकीवर आणले. आफ्रिकी संशोधकांचे प्रबंध व लेख तेथल्याच भांडारात जतन व्हावेत आणि सर्वांना विनामूल्य वाचता यावेत, असा त्याचा प्रयत्न आहे. केवळ बाहेरचे ज्ञान आत आणणारे जाळे अर्धेच जाळे होय. घरचे ज्ञान बाहेर नेईल तेव्हाच ते पुरे झाले म्हणावयाचे.

भारतानेही या क्षेत्रात हातभार लावला. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून २००९ मध्ये अखिल आफ्रिकी ई-नेटवर्क सुरू झाले आणि भारतीय विद्यापीठांचे वर्ग उपग्रहामार्फत आफ्रिकेत पोहोचले. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण देणगी म्हणून मिळालेली सोय आणि स्वतः वर्गणी भरून चालविलेली संस्था यांत एक मूलभूत अंतर असते. दात्याचे धोरण बदलले की पहिली आटते.

आणि आजचा खरा पेच हाच आहे. परकीय साहाय्याचे टप्पे कधी ना कधी संपणार. तरबेज झालेले अभियंते अधिक पगाराच्या खाजगी नोकऱ्यांकडे ओढले जातात. म्हणूनच २००० पासून आफ्नॉगच्या कार्यशाळांतून नवे हात तयार करण्याचे काम सातत्याने करावे लागले आहे. मोबाइल कंपन्या गावोगाव पोहोचल्या असताना विद्यापीठांना निराळे जाळे हवेच कशाला, असा आक्षेपही घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. २०२० च्या महासाथीत विद्यार्थी घरोघरी विखुरले, तेव्हा ते विद्यापीठांच्या जाळ्याबाहेरच पडले. परंतु युगांडासारख्या देशात विद्यापीठांच्या शिकवणीची संकेतस्थळे विद्यार्थ्यांना विनाशुल्क पाहता यावीत म्हणून त्याच कंपन्यांशी बोलणी करता आली, ती संघटित असल्यामुळेच. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहराजवळील समुद्रात चार केबली एकाच वेळी निकामी झाल्या आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचे दळणवळण कोलमडले. मे महिन्यात पूर्वेकडील सीकॉम आणि ईसी यांनाही तोच अनुभव आला. एका तारेवर विसंबू नये आणि घरातले बोलणे घरातच पोहोचावे, ही तजवीज नफ्याचा हिशेब पाहणारा विक्रेता आपणहून करीलच असे नाही. ती करावयाची तर मालकी वापरणाऱ्यांची हवी.

तार तुटते, ती सांधता येते. यंत्र जुने होते, ते बदलता येते. पण वर्गणी वेळेवर भरण्याची सवय, हिशेबावरील विश्वास आणि आपल्यापेक्षा दुबळ्या सभासदासाठी थोडे अधिक सोसण्याची तयारी या गोष्टी कोणत्याही दात्याकडून मागवता येत नाहीत. लिलाँग्वे, नैरोबी आणि अक्रा येथील मंडळी हे भांडवल गोळा करीत आहेत. शंभर वर्षे एक संस्था वर्गणीवर जगवणाऱ्यांना त्या भांडवलाची किंमत निराळी सांगावयास नको.