महागाईचे मोजमाप
(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

महागाईचा दर उतरला, अशी बातमी आकाशवाणीवर ऐकावी आणि त्याच दिवशी आठवड्याच्या बाजारात पिशवी अर्धीच भरावी, हा अनुभव पुष्कळांना येतो. मग सरकारी आकडा खोटा की बाजार खोटा, असा प्रश्न पडतो. वस्तुतः दोन्ही खरे असू शकतात. त्यासाठी हा आकडा कसा तयार होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दर उतरणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. समजा, निर्देशांक एका वर्षात १५० वरून १५९ वर गेला. ही वाढ ६ टक्के झाली. पुढील वर्षी तो १५९ वरून १६५ झाला, तर वाढ ४ टक्क्यांहूनही कमी भरते. महागाईचा वेग मंदावला. परंतु वस्तू पूर्वीपेक्षा महागच राहिल्या.

टोपली आणि भार

ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे कुटुंबाच्या गरजांची एक ठरावीक टोपली. आधारभूत वर्षी ती घेण्यास १०० रुपये लागत असतील, तर आज किती लागतात, हे तो सांगतो. टोपलीत धान्य, तेल, भाजीपाला यांबरोबरच कापड, इंधन, औषधे, शाळेची फी व प्रवासभाडेही असते. कोणत्या वस्तूला किती महत्त्व द्यावे, हे कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीवरून ठरते. या महत्त्वालाच 'भार' म्हणतात. मीठ दुप्पट महागले तरी निर्देशांक फारसा हलत नाही. कारण मिठावरील खर्च थोडा असतो.

२०१२ हे आधारभूत वर्ष असलेल्या अखिल भारतीय मालिकेसाठी १,११४ शहरी बाजार आणि १,१८१ खेडी निवडण्यात आली होती. तेथे ठरलेल्या आठवड्यांना क्षेत्र कर्मचारी जाऊन किरकोळ भाव टिपून घेत. त्या मालिकेत भाजीपाल्याचा भार ६.०४ टक्के होता. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो कडाडले आणि भाजीपाल्याचे भाव वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ३७.३४ टक्के चढले. एवढ्या एका गटाने एकूण दरात ढोबळ मानाने दोन टक्क्यांहून अधिक भर घातली. जूनमध्ये ४.८७ टक्के असलेला महागाईचा दर जुलैमध्ये ७.४४ टक्क्यांवर गेला.

सरासरीत हरवलेले घर

निर्देशांक सरासरी कुटुंबाचा असतो. प्रत्यक्ष कुटुंब मात्र सरासरी नसते. समजा, अन्नधान्य १० टक्के आणि अन्य वस्तू ३ टक्के महागल्या. ज्या शेतमजुराचे १०० पैकी ६० रुपये अन्नावर खर्च होतात, त्याची महागाई ७.२ टक्के होईल. अन्नावर ३५ रुपये खर्च करणाऱ्या पगारदाराची ती साडेपाच टक्क्यांच्या आतच राहील. बाजार एकच, झळ मात्र निराळी! म्हणूनच २०१२ च्या मालिकेत अन्न व पेयांचा भार ग्रामीण भागासाठी ५४.१८, तर शहरी भागासाठी ३६.२९ टक्के ठेवला होता.

खर्चाच्या सवयीही बदलत जातात. २०११-१२ मध्ये ग्रामीण कुटुंबांच्या उपभोगखर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५३ टक्के होता. २०२३-२४ च्या पाहणीत तो ४७ टक्क्यांवर आला. टोपली जुनी राहिली, तर मोजमापही जुनेच राहते. यास्तव २०२४ हे नवे आधारभूत वर्ष असलेल्या मालिकेला २०२३-२४ च्या पाहणीचा आधार देण्यात आला.

आकड्यामागील भाकरी

हा केवळ अभ्यासकांचा विषय नव्हे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवरून ठरतो. केंद्राच्या ग्रामीण रोजगार हमी योजनेतील मजुरीच्या दरांसाठीही २०११ पासून शेतमजुरांच्या निर्देशांकाचा आधार घेतला जाऊ लागला. निर्देशांक चुकला, तर ती चूक थेट ताटात उतरते.

मुंबईच्या कामगारांनी हे अनुभवले आहे. मुंबईचा निर्देशांक प्रत्यक्ष महागाईपेक्षा कमी दाखविला जातो, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. १९६३ मध्ये महाराष्ट्र शासनाने डॉ. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीला तक्रारीत तथ्य आढळले आणि जुनी व नवी मालिका जोडणारा गुणक दुरुस्त करावा लागला. कामगारांचा महागाई भत्ता त्यानुसार वाढला. लाखो संसारांचे उत्पन्न एका गुणकावर अवलंबून होते!

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. निर्देशांकावर आंधळा विश्वास नको आणि आंधळा अविश्वासही नको. भाव टिपणारा कर्मचारी गावात आला, तर दुकानदाराने त्याला फळ्यावरचा नव्हे, प्रत्यक्ष विक्रीचा भाव सांगावा, यासाठी पंचायत सदस्यांनी आग्रह धरावा. खर्चाच्या पाहणीत प्रत्येक कुटुंबाने खरी माहिती द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरच्या महिन्याच्या बाजाराची यादी करवून तिचा निर्देशांक काढून घ्यावा. टक्केवारीचा धडा त्यातून आपोआप शिकवला जाईल. दिल्लीत जाहीर होणारा आकडा अखेर अशाच दुकानांत आणि अशाच घरांत जन्माला येतो. तेथील नोंद जितकी प्रामाणिक, तितका तो आकडा खरा ठरेल.