मोहोळ न मोडतां मध



आपल्या घरीं फडताळांत मधाची एक बाटली बहुधा असतेच. घसा बसला कीं आल्याच्या रसाशीं, औषधास अनुपान म्हणून, नाहींतर देवाच्या पंचामृतासाठीं तिची आठवण होते. परंतु ज्यांच्या श्रमानें ती बाटली भरली, त्या मधमाशांनीं आपल्या इमारतीच्या सज्जाखालीं मुक्काम केला, कीं तोच गृहस्थ पलीता शोधूं लागतो. मध हवा आणि माशी नको, ही वृत्ति कितपत शहाणपणाची, याचा आज थोडा विचार करूं.

गिरगांवांतील एका चाळींत घडलेला प्रसंग मीं स्वतः पाहिला आहे. तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखालीं सुपाएवढें मोहोळ लागलें होतें. दोन महिने तें कोणाच्या अध्यांत नव्हतें कीं मध्यांत नव्हतें. एका संध्याकाळीं कांहीं मंडळींनीं पैसे देऊन त्याला पलीता लावविला. पोळ्याच्या वरच्या अंगास मध व खालीं अंडीं-अळ्या असतात; सगळेंच पिळल्यामुळें हातीं आला तो राख आणि अळ्यांचा रस मिसळलेला दोन तांबे मध. असंख्य माशा होरपळल्या. उरलेल्या दुसऱ्या दिवशीं सकाळपर्यंत जिन्यांत घोंघावत होत्या आणि शाळेस निघालेल्या दोन मुलांस त्यांनीं डंख केले. त्या मधाची एक वाटी माझ्या घरींहि आली होती व मीं ती ठेवून घेतली, हें कबूल केलें पाहिजे.

तें मोहोळ आग्या माशीचें होतें. आपल्याकडील देशी जाती मुख्यतः चार. आग्या माशी उंच कड्यावर, झाडावर किंवा इमारतीवर एकच मोठें उघडें पोळें लावते. फुलोरी लहान, तिचें इवलेंसें पोळें झुडपांत असतें. कोती तर चिलटासारखी. ती डंख करूं शकत नाहीं. चौथी सातेरी. ती ढोलीच्या अंधारांत अनेक समांतर पोळीं बांधते, म्हणूनच ती लांकडी पेटींत नांदते. आग्या पेटींत राहत नाहीं. फुलोरा सरला कीं ती आपण होऊन स्थलांतर करते. तेव्हां तिला डिवचूं नये, खालीं विस्तव करूं नये, वाट पाहावी. मोहोळ अगदींच अडचणीच्या जागीं असेल, तर जाणत्या माणसाकडून तें हलवावें.

पेटीची विद्या एका साध्या निरीक्षणांतून निघाली. पोळ्यांमध्यें ठराविक बेताची फट ठेवली, तर माशा ती मेणानें बुजवीत नाहींत, हें अमेरिकेंतील लँगस्ट्रॉथ यानें १८५१ सालीं हेरलें. त्यामुळें पोळें धरणारी चौकट अलगद उचलतां येऊं लागली. पुढें १८६५ मध्यें ऱ्हुश्का यानें चौकट गरगर फिरवून मध बाहेर टाकणारें यंत्र काढलें. पोळें न मोडतां मध मिळूं लागला तो तेव्हांपासून.

महाराष्ट्रांत या विद्येचें माहेर महाबळेश्वर. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय तेथेंच आहे. जवळचें मांघर हें गांव २०२२ मध्यें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. जांभूळ, हिरडा आणि कित्येक वर्षांनीं एकदां फुलणारी कारवी, यांवर तेथील माशांचा संसार चालतो.

मध काढण्याचे नियम थोडे, पण पाळावे लागतात. पेटीचा खालचा कप्पा संसाराचा, वरचा सांठवणीचा. खालच्यास हात लावूं नये. वरच्या चौकटीवरील बहुतेक घरांवर मेणाचें झांकण बसलें कीं मध पिकला असें समजावें. कच्चा मध आंबतो. धूर अगदीं बेताचा द्यावा. झांकण पातळ सुरीनें उतरून चौकट यंत्रांत फिरवावी व रिकामें पोळें परत ठेवावें. कारण एक किलो मेण करण्यास माशांस कित्येक किलो मध खर्चावा लागतो. शेवटीं, पावसाळ्याच्या बेगमीपुरता मध त्यांच्यासाठीं ठेवावा. सगळा लुटला, तर वसाहत पेटी सोडून जाते.

दादर-परळांत कोणास पेटी ठेवण्याची हौस असेल, तर आधीं महाबळेश्वरीं किंवा १९६२ सालीं पुण्यांत निघालेल्या केंद्रीय संस्थेंत रीतसर शिकावें, आणि शेजाऱ्यांची संमति घ्यावी. डंख झाल्यास नांगी नखानें चटकन खरवडून काढावी; धाप लागली अथवा चेहरा सुजला तर क्षणहि न दवडतां रुग्णालय गांठावें.

गृहिणींसाठीं तीन गोष्टी. मुंबईच्या दमट हवेंत मध पाणी शोषतो, म्हणून बाटलीचें झांकण घट्ट लावावें. मध साखरेसारखा बसला म्हणजे भेसळ झाली असें नव्हे. बाटली कोमट पाण्यांत ठेवली कीं तो पातळ होतो. आणि एक वर्षाच्या आंतील बाळास मधाचें बोट चाटवूं नये. रूढि जुनी खरी, परंतु मधांत क्वचित् असणाऱ्या जंतुबीजांमुळें तान्ह्यास गंभीर विषबाधा होऊं शकते.

त्या चाळीच्या सज्जाखालचा काळा डाग पुढें कित्येक वर्षें दिसत असे. आपल्या इमारतीवर असा डाग पडूं नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतों.